क्लिप आत नेण्याआधी

मागच्या खेपेला चाळीस क्लिप एकदम कॉम्पोझिटिंगच्या (चित्रांचे थर जोडून एक दृश्य बनवण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या. इम्पोर्टची पट्टी अर्ध्यावर आली आणि सॉफ्टवेअर गुल. पुन्हा उघडलं, पुन्हा गुल. ड्रायव्हर बदलला, कॅशे पुसली, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. पहाटे कळलं, घोळ मोबाइलवर काढलेल्या एका क्लिपचा होता.

तर, मूळ फाइल्सची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. हे सांगायला नको.

मग प्रत्येक क्लिप मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे फाइलचा तपशील दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. प्रत्येक. एमओव्ही, एमपीफोर हे नुसते डबे, आत कोणता कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) आहे, एच.२६४, एचईव्हीसी की प्रोरेझ, ते नावावरून कळत नाही. कोडेक बघून झाला की 'फ्रेम रेट मोड' ही ओळ वाचा. तिथे 'व्हेरिएबल' (सेकंदाला फ्रेम कमीजास्त) दिसलं तर ती क्लिप तशीच आत न्यायची नाही. मी कोडेक बघितला, रिझोल्यूशन बघितलं, ही ओळ सोडली. फ्रेम रेट ३० वाचून खूश झालो. त्याच्याच खाली किमान १४.९ लिहिलं होतं! अंधार पडला की मोबाइल फ्रेम कमी करतो. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये काही हललं नाही तर कित्येकदा नवी फ्रेम येतच नाही. कॉम्पोझिटिंगला मात्र फ्रेम नंबरानं लागते. अंतरं कमीजास्त असली की हिशेब फसतो. नशीब चांगलं असेल तर आवाज मागेपुढे होण्यावर भागतं.

अशी क्लिप एफएफएमपेग या फाइल बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेम रेटच्या प्रोरेझमध्ये किंवा डीएनएक्सएचआर या कोडेकमध्ये बदला. एच.२६४ मध्ये एक फ्रेम उलगडायला आजूबाजूच्या फ्रेम लागतात, यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. जागा बघून घ्या: प्रोरेझ ४२२ एचक्यू, १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम असतील तर मिनिटाला साधारण १.४ जीबी. प्रोजेक्ट २३.९७६ चा असेल तर आळसानं २४ टाकू नका. बदललेली फाइल पुन्हा मीडियाइन्फोत उघडा आणि पुन्हा तीच ओळ वाचा. हो, फ्रेम रेट मोड. बदलताना पर्याय द्यायचा राहिला तर 'व्हेरिएबल' तसंच राहू शकतं.

१०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती असलेल्या) एच.२६४ वर अडलं तर हार्डवेअर डिकोडिंग (ग्राफिक्स चिपनं क्लिप उलगडणं) बंद करून बघा.

इम्पोर्ट एकेक करून, मधेमधे सेव्ह. तरीही एखादी क्लिप पाडतच असेल तर तिची ईएक्सआर सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) काढा. शेवटचा रेंडरही सिक्वेन्समध्येच. ८०० व्या फ्रेमला बंद पडलं तर ८०० पासूनच सुरू करता येतं.

आणि ती ओळ वाचलीत ना?