पाण्यातील सिप्रोफ्लॉक्सॅसिन कार्बन नॅनोनळ्यांनी काढण्याची प्रयोगशाळेतील पद्धत

हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे अनेक औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध केले जाते. या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका लिटरमागे ३१ मि.ग्रॅ.पर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक आढळल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढ्या प्रमाणात नसते. जिवाणूंच्या साहाय्याने चालणाऱ्या नेहमीच्या शुद्धीकरणात हा रेणू सहजासहजी मोडत नाही, त्यामुळे त्याला एखाद्या घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून पाण्याबाहेर काढण्याचा, म्हणजेच अधिशोषणाचा, मार्ग पुढे येतो. पुढील पद्धत पदव्युत्तर स्तरावरील विद्यार्थ्यांसाठी आहे. घरच्या पिण्याच्या पाण्यात नॅनोकार्बन मिसळण्याचा प्रयोग कोणीही करू नये.

बहुभित्ती कार्बन नॅनोनळ्या, म्हणजे एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या, कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, या कामासाठी सोयीच्या आहेत. त्यांच्या भिंतींवरील षट्कोनी कार्बनजाळी आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे सपाट वलय यांच्यात इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीवर आधारलेले आकर्षण असते. त्याला जलविरोधी ओढ, हायड्रोजन बंध आणि विद्युतभार यांची जोड मिळते. अशा नळ्यांचा पृष्ठभाग सामान्यतः ग्रॅममागे १०० ते ३०० चौरस मीटर असतो, तर चांगल्या सक्रिय कोळशाचा त्याच्या कितीतरी पट असू शकतो. म्हणूनच नळ्यांचा खरा फायदा केवळ क्षेत्रफळात शोधू नये, तर पृष्ठभाग उघडा असल्यामुळे रेणू तेथे लवकर पोहोचतो यात शोधावा. शेजारी साध्या सक्रिय कोळशाची एक बाटली ठेवल्याशिवाय ‘नॅनो’ शब्दाला काही अर्थ उरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरड्या नळ्यांची भुकटी श्वासावाटे फुफ्फुसात जाऊ शकते, त्यामुळे ती फ्यूम हूडमध्येच (हवा बाहेर ओढून घेणाऱ्या प्रयोगशाळेतील कपाटातच), हातमोजे आणि योग्य श्वसनमुखवटा वापरून हाताळावी. विकत घेतलेल्या नळ्यांमध्ये निर्मितीच्या वेळचे लोह, कोबाल्ट किंवा निकेल शिल्लक असते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ज्यात मोडते त्या फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधे धातूंच्या आयनांशी घट्ट बांधली जातात, म्हणून हे धातू राहू दिले तर निष्कर्ष कार्बनचा की धातूचा, हे सांगता येत नाही. त्यासाठी नळ्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ढवळाव्यात, गाळून ऊर्ध्वपातित पाण्याने सामू (पीएच) उदासीन होईपर्यंत धुवाव्यात आणि १०५ अंश सेल्सिअसला वाळवाव्यात. नायट्रिक आम्ल वापरल्यास पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होऊन पदार्थच बदलतो. तसे करायचे असेल तर तो वेगळा नमुना मानावा.

औषध बहुधा हायड्रोक्लोराइड या मिठाच्या (क्षाराच्या) रूपात मिळते, त्यामुळे मूळ द्रावण करताना मिठाचे वजन आणि औषधाचे वजन यांत गल्लत होऊ देऊ नये. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा रेणुभार ३३१.३ आहे, तर त्याच्या हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेटचा ३८५.८. म्हणून लिटरमागे १०० मि.ग्रॅ. औषध असलेले द्रावण हवे असेल तर हे मीठ ११६.४ मि.ग्रॅ. घ्यावे लागते. द्रावण तपकिरी बाटलीत ठेवावे, कारण प्रकाशात हा रेणू विघटित होतो. याच कारणाने प्रयोगाच्या सर्व बाटल्याही फॉइलने गुंडाळाव्यात.

त्यातून लिटरमागे १ ते १० मि.ग्रॅ. या टप्प्यातील प्रमाणित द्रावणे करून यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (द्रावण किती अतिनील प्रकाश शोषते हे मोजणाऱ्या यंत्रावर) संहती आणि प्रकाशशोषण यांचा आलेख काढावा. आम्लधर्मी द्रावणात शोषणाचा सर्वोच्च बिंदू २७७ नॅनोमीटरच्या आसपास येतो, परंतु सामू बदलला की तो सरकतो. यासाठी मोजण्यापूर्वी प्रमाणित द्रावणांत आणि नमुन्यांत सारख्याच प्रमाणात सौम्य आम्ल घालावे. हे न केल्यास सामूचा परिणाम औषध कमी झाल्यासारखा दिसू शकतो.

मुख्य प्रयोगासाठी प्रत्येक बाटलीत लिटरमागे १० मि.ग्रॅ. औषध असलेले ५० मि.ली. द्रावण आणि १० मि.ग्रॅ. नळ्या घ्याव्यात. सामू सौम्य आम्ल किंवा अल्कलीने ठरवून, बाटल्या २५ अंशांवर मिनिटाला १५० फेऱ्यांच्या शेकरवर ठेवाव्यात. सुरुवातीला ५, १०, २०, ३० मिनिटे असे जवळजवळचे आणि नंतर १, २, ४, ८, २४ तासांचे नमुने घ्यावेत. पहिल्या अर्ध्या तासातच बरेच काही घडून जाते. प्रत्येक स्थितीच्या तीन बाटल्या असाव्यात. त्यांच्या जोडीला एका बाटलीत कार्बनशिवाय औषध आणि दुसरीत औषधाशिवाय कार्बन ठेवावा. पहिलीतून प्रकाशाने आणि काचेने किती औषध नेले हे कळते, तर दुसरीतून गाळणीतून निसटलेले कार्बनकण यंत्राच्या वाचनात किती भर घालतात हे समजते.

गाळणी हा या पद्धतीतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ०.२२ मायक्रोमीटरच्या सिरिंज फिल्टरचे पटल, विशेषतः नायलॉनचे, स्वतःच औषध धरू शकते. म्हणून ज्ञात द्रावण त्यातून गाळून किती परत मिळते ते आधी पाहावे, आणि दर वेळी पहिले २-३ मि.ली. टाकून द्यावेत.

हिशेब सोपा आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या संहतीतील फरकाला द्रावणाच्या लिटरमधील आकारमानाने गुणावे आणि कार्बनच्या ग्रॅममधील वजनाने भागावे. वरील बाटलीत शेवटी लिटरमागे २ मि.ग्रॅ. उरले असतील, तर ८ गुणिले ०.०५ भागिले ०.०१, म्हणजे ग्रॅममागे ४० मि.ग्रॅ. औषध धरले गेले. काढलेले प्रमाण ८० टक्के आहे, मात्र टक्केवारी कार्बनची मात्रा वाढवून हवी तेवढी फुगवता येते. तुलना ग्रॅममागच्या आकड्यानेच करावी. निरनिराळ्या सुरुवातीच्या संहतींवर हाच प्रयोग करून लँगम्युर आणि फ्रॉइंडलिच ही समीकरणे (पाण्यात उरलेले आणि कार्बनने धरलेले औषध यांचे नाते सांगणारी) सरळ रूपात न बदलता वक्ररेषेवरच बसवावीत. वेगाच्या अभ्यासात ‘द्वितीय कोटीसदृश’ (स्यूडो-सेकंड-ऑर्डर) समीकरणाच्या सरळ रूपात काळ दोन्ही अक्षांवर येत असल्याने रेषा जवळजवळ नेहमीच सुबक दिसते. तेवढ्यावरून औषध नळ्यांना कसे चिकटते याबद्दल दावा करू नये.

सामूचा अभ्यास ३ ते १० या टप्प्यात करावा. सुमारे ६ च्या खाली रेणू धनभारित असतो, ९ च्या वर ऋणभारित, आणि मधल्या पट्ट्यात त्यावर दोन्ही भार असतात. नळ्यांचा पृष्ठभाग कोणत्या सामूला भाररहित होतो हे स्वतंत्रपणे मोजल्यास, कुठे आकर्षण वाढेल आणि कुठे दोघे एकमेकांना ढकलतील याचा अंदाज आधीच बांधता येतो.

ऊर्ध्वपातित पाण्यातील यश खऱ्या पाण्यात तसेच राहत नाही. बोअरवेलच्या कठीण पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम औषधाशी जोडले जातात आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेली ह्युमिक आम्ले नळ्यांवरील जागा बळकावतात. म्हणून नदीच्या किंवा सांडपाण्याच्या नमुन्यात ज्ञात प्रमाणात औषध घालून पुन्हा तीच मालिका करावी. तेथे २७७ नॅनोमीटरला इतरही पदार्थ प्रकाश शोषतात, त्यामुळे मोजमाप एचपीएलसीवरच, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावरच, करावे लागते.

वापरलेल्या नळ्या सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड किंवा मिथेनॉलने धुऊन पुन्हा वापरता येतात. दर फेरीनंतर ग्रॅममागचा आकडा किती घटतो ते नोंदवावे. धुतल्यावर निघालेल्या द्रवात तेच औषध अधिक दाट स्वरूपात असते, म्हणून तो मोरीत ओतू नये. तो द्रव आणि बाद झालेल्या, ओल्याच ठेवलेल्या नळ्या वेगवेगळ्या बंद डब्यांत भरून, त्यांवर लेबल लावून, घातक कचरा जाळणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्याव्यात.