नळाला करंट येतोय? घरातलं अर्थिंग आणि बाँडिंग असं तपासा

गिझर चालू असताना नळ सोडला की बोटांना झिणझिण्या येतात. वायरमनला बोलावलं की तो खाली जातो, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो आणि 'आता बघा' म्हणतो. दोन दिवस बरे जातात. माझ्या मते खड्ड्यावर उगाच आळ येतो. खड्डा आणि गिझर यांच्या मधली तार कुठे तुटली आहे, हे कोणी बघतच नाही.

आधी दोन शब्द वेगळे करू. उपकरणाच्या धातूच्या अंगापासून जमिनीपर्यंत, म्हणजे अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत, नेलेली हिरवी तार म्हणजे अर्थिंग. एकाच वेळी हाताला लागू शकतील अशा धातूच्या वस्तू, म्हणजे गिझर, लोखंडी पाइप, मीटरपाशी येणारी पाण्याची लाइन, एकमेकींना तारेने जोडणं म्हणजे बाँडिंग. शॉक बसतो तो दोन वस्तूंमधल्या व्होल्टेजच्या फरकाने, आणि बाँडिंग तो फरक कमी करतं.

सुरुवात डीबीपासून, म्हणजे घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीपासून करा. तिथे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप बंद होणारा स्विच, आहे का ते बघा. नसेल तर बाकी सगळं नंतर, आधी तो बसवा. 'एमसीबी आहे की' हे उत्तर इथे चालत नाही, कारण तो फक्त जास्त करंट वाहिला की पडतो. हिशेब करून बघा: गिझरच्या अंगाला फेजची, म्हणजे वीज आणणारी, तार लागली आणि खड्ड्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) 5 ओहम धरला, तर 230 व्होल्टला 46 अँपिअर वाहतील. 16 अँपिअरचा सी टाइप एमसीबी क्षणात पडायला किमान 80 लागतात. तोवर काही सेकंद गिझरचं अंग जिवंत राहू शकतं. आरसीसीबी मात्र 30 मिलिअँपिअर गळतीलाच पडतो.

आरसीसीबीवरचं टी (टेस्ट) बटण दाबा, तो पडला पाहिजे. पण या बटणावर भलता विश्वास नको. ते फक्त आरसीसीबीची तपासणी करतं. घरात अर्थची तारच नसली तरी बटण दाबल्यावर तो पडतोच!

आता सॉकेट. समोरून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवीकडचं फेजचं, डावीकडचं न्यूट्रलचं, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचं. मल्टीमीटर हाताळायची सवय असेल तरच पुढे जा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ, दोन्हीकडे साधारण 230 दिसावेत. न्यूट्रल-अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट असणं नेहमीचंच. वीस-तीस दिसले तर कुठेतरी जोड सैल आहे. इस्त्री-गिझर चालू असूनही अगदी शून्य आलं, तर सॉकेटमागे कोणीतरी न्यूट्रलचीच तार अर्थच्या पिनेला अडकवली असल्याची शंका घ्या. ही आपल्याकडची जुनी आणि जीवघेणी पळवाट. न्यूट्रल वाटेत तुटला की फ्रिजच्या अंगावर थेट फेज येतो. अशा घरात खरी अर्थची तारही त्या पिनेला जोडलेली असेल तर आरसीसीबी सारखा पडतो, आणि मग पळवाट शोधण्याऐवजी आरसीसीबीच काढून टाकला जातो.

मीटरला 230 दिसले म्हणून तार धड आहे असंही नाही. एका केसाएवढ्या धाग्यावर लटकलेली तारही तेवढेच दाखवते. काही जण फेज-अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून बघतात. तो प्रयोग घरच्या घरी करू नका. अर्थ वाटेत तुटलेला असेल, तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या उपकरणांच्या अंगावर वीज येते.

पुढचं काम परवानाधारक वायरमनचं. मेन बंद करून गिझरच्या अंगापासून डीबीच्या अर्थपट्टीपर्यंत (सगळ्या अर्थच्या तारा जिथे एकत्र येतात ती पट्टी) आणि तिथून खड्ड्यापर्यंत तार सलग आहे का, हे त्याला ओहममध्ये मोजून दाखवायला सांगा. 500 व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, वायरींचं इन्सुलेशनही तपासून घ्या. एक मेगाओहमच्या खाली आलं तर ओल किंवा कापलेली वायर शोधावी लागेल.

बाँडिंगसाठी मीटरजवळून आत येणारी धातूची लाइन मुख्य अर्थपट्टीला तांब्याच्या किमान 6 चौरस मिमी तारेने जोडतात. बाथरूममधल्या उघड्या जोडणीला 4, पाइपातून नेली तर 2.5 चालते. चिमटा घासून स्वच्छ केलेल्या धातूवर बसवा, रंगावर नको. एक गोष्ट मात्र हमखास चुकते: जुन्या घरात पाण्याच्या लोखंडी पाइपाचाच अर्थ म्हणून वापर असे. मग कधीतरी मधला तुकडा काढून प्लास्टिकचा पाइप टाकला जातो. पाणी छान येतं, अर्थ मात्र तिथेच संपतो. पाइप बदलले असतील तर हे आवर्जून तपासा. पूर्ण प्लास्टिकच्या लाइनला मात्र बाँडिंग लागत नाही.

शेवटी खड्डा. त्याचं रीडिंग मे महिन्यात घ्या. ऑगस्टमध्ये भिजलेल्या मातीत कोणताही खड्डा गुणी दिसतो. देशावर काळ्या खडकात आणि कोकणात जांभ्यात रोध मुळातच जास्त येतो, तिथे एका खड्ड्याऐवजी दोन-तीन खड्डे अंतराअंतरावर घेऊन जोडणं बरं. खड्ड्यातला नटबोल्ट गंजला असेल तर मीठ-कोळशाने काही होत नाही, जोडच नवा करावा लागतो.

नवीन वीजजोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतोच. त्यात नुसत्या सह्यांऐवजी मोजलेले आकडे मागा. त्यानंतर जास्तीत जास्त दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करून घ्या, आणि तारीख व खड्ड्याचे ओहम डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वायरमनला तेच आधी बघायला लागेल.