पिकअप बुक करताय? आधी चेसिस नंबर, मग बाकी सगळं

पिकअप घ्यायची म्हणलं की आपल्याकडं पहिला प्रश्न असतो अ‍ॅव्हरेज किती देते, दुसरा डाऊन पेमेंट किती, आणि गाडी हातात कधी येणार हे लोक पैसे भरून झाल्यावर विचारतात. मी पण तेच केलं. अंबड तालुक्यात आमची मोसंबीची बाग आहे, गावातल्या दहा-बारा जणांचा माल पण मीच जालना नाहीतर संभाजीनगरच्या मार्केटला नेतो. २०२३ च्या पाडव्याला हेवी ड्यूटी पिकअप बुक केली, "वीस दिवसात देतो दादा" असा शब्द होता, आणि गाडी दारात आली जुलैच्या शेवटी. मधल्या चार महिन्यात शोरूमच्या इतक्या चकरा झाल्या की तिथला पोरगा न विचारता चहा आणायला लागला. त्या काळात जे कळलं ते सगळं इथं लिहितोय, कुणाचे दोन हप्ते वाचले तरी लई झालं.

सुरुवात व्हेरियंटपासून करा, कारण वेटिंग गाडीला नसतं, व्हेरियंटला असतं. एकाच नावाच्या पिकअपमधी दीड टनी, १.७ टनी, २ टनी, लांब हौदा, आखूड हौदा, एसी, बिनाएसी असे कितीतरी प्रकार निघतात. बोलेरो मॅक्सची एचडी सिरीज बघा, टाटाची योद्धा बघा, दोन्ही २ टनापर्यंत जातात पण खाली अजून पायऱ्या आहेत. कंपनी हे प्रकार रोज सगळे बनवत नाही, लॉट काढते, आणि ज्याची मागणी जास्त त्याचा लॉट आधी. म्हणून आपल्याला नेमकं किती वजन ओढायचंय हे घरीच मोजून जा. माझा हिशोब असा होता, एका कॅरेटमधी २० किलो मोसंबी, कॅरेटचं स्वतःचं वजन धरून २२ किलो, ७५ कॅरेट म्हणजे १६५० किलो. म्हणजे १.७ टनी मला बास होती. मी मात्र "असू दे, मोठी घेऊ" म्हणून २ टनी सांगितली आणि आमच्या भागात तेव्हा तीच सगळ्यात उशिरा येत होती. वाळू, सळई, सिमेंट ओढणाऱ्याने मोठीच घ्यावी, पण भाजीपाला, दूध, खवा, कोंबड्या नेणाऱ्याने एकदा कागदावर गणित करून बघा, एक पायरी खाली उतरलात तर दोन महिने वाचू शकतात.

आता वेटिंग का लागतं, हे थोडं समजून घेतलं तर शोरूममधी कोण खरं बोलतंय ते ओळखता येतं. २०२० च्या लॉकडाऊनमधी गाडी कंपन्यांनी चिपच्या, म्हणजे गाडीत बसणाऱ्या इलेक्ट्रॉनिक तुकड्यांच्या, ऑर्डर कमी केल्या, चिपवाल्यांनी तो माल मोबाईल-लॅपटॉपकडं वळवला, आणि गाड्यांची मागणी परत आली तेव्हा चिप मिळेना. त्यात मार्च २०२१ ला जपानमधी रेनेसास या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. अमेरिकेत फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअप, म्हणजे तिकडच्या खऱ्या हेवी ड्यूटी गाड्या, बनून तयार होत्या पण चिप नाही म्हणून हजारोंनी केंटकी स्पीडवे या रेसिंगच्या मैदानात उभ्या राहिल्या. आपल्याकडं टोयोटाने हायलक्स ही पिकअप जानेवारी २०२२ मधी आणली, आणि फेब्रुवारीत बुकिंगच बंद केलं, ते परत चालू झालं जानेवारी २०२३ ला. एवढी मोठी कंपनी असून.

माझ्या वेळचं कारण वेगळं होतं. १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा, म्हणजे गाडीच्या धुराच्या नियमाचा, दुसरा टप्पा लागला आणि मी बुक केलं २२ मार्चला, म्हणजे जुना माल संपत आलेला आणि नवीन मॉडेल लाईनवर यायचंय, बरोबर त्या फटीत. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं पण नाही. म्हणून सांगतो, बुक करायच्या आधी एवढं विचाराच की पुढच्या सहा महिन्यात या मॉडेलमधी काही बदल आहे का, नियम बदलतोय का, किंमत बदलतेय का. २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. असं काही होणार अशी चर्चा सुरू झाली की लोक खरेदी थांबवतात आणि दर उतरला की सगळे एकदम दसरा-दिवाळीला तुटून पडतात, मग वेटिंग वाढणारच.

शोरूममधी गेल्यावर "गाडी कधी मिळेल" असं विचारू नका, त्याचं उत्तर कायम "लवकरच" असतं. असं विचारा: माझ्या व्हेरियंटची गाडी यार्डात उभी आहे, कंपनीतून निघून वाटेत आहे, का अजून ऑर्डरच टाकायची आहे? तिन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. यार्डातली आठवड्यात मिळू शकते, वाटेतलीला अजून काही दिवस धरा, आणि ऑर्डर टाकायची असेल तर तारीख कुणाच्याच हातात नाही, डीलरच्या पण नाही. डीलरला कंपनीकडून गाडी उचलताना स्वतःचे नाहीतर फायनान्सचे पैसे घालावे लागतात आणि त्यावर त्याला व्याज बसतं, त्यामुळं कमी खपणारा व्हेरियंट तो गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय मागवत नाही. यात त्याचं चुकतं असं मी म्हणत नाही, पण आपल्याला ते माहीत पाहिजे.

दुसरी गोष्ट, बुकिंगची पावती ही डीलरची असते, कंपनीच्या सिस्टीममधी तुमचं नाव चढलंय का ते वेगळं बघावं लागतं. कंपनीकडून बुकिंग नंबरचा मेसेज आलाच पाहिजे, आणि त्यात व्हेरियंट, रंग, तारीख तुम्ही सांगितली तीच आहे का ते तिथंच उभं राहून वाचा. माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. मे महिन्यात मी जरा आवाज चढवला तेव्हा मॅनेजरने कॉम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडं फिरवली, तर माझ्या नावापुढं एसीवाला व्हेरियंट, मी सांगितलेला बिनाएसी, आणि तारीख २२ मार्चच्या ऐवजी १० एप्रिल. म्हणजे एकोणीस दिवस माझी पावती कुणाच्या तरी ड्रॉवरमधी पडून होती. दुरुस्ती करायची तर नंबर परत मागं जाणार. शेवटी मी एसीवालीच घेतली, पैसे जास्त गेले. दोन मिनिटं लावून तो मेसेज वाचला असता तर हे टळलं असतं.

बुकिंगची रक्कम शक्य तेवढी कमी ठेवा, चेक नाहीतर ऑनलाईन द्या, आणि पावतीवर तीन गोष्टी पेनाने का होईना लिहून सही-शिक्का घ्या: अंदाजे डिलिव्हरीची तारीख, रद्द केलं तर किती पैसे कापणार, आणि किंमत बुकिंगच्या दिवसाची धरणार का डिलिव्हरीच्या दिवसाची. बहुतेक फॉर्मवर बारीक अक्षरात डिलिव्हरीच्या दिवसाचीच लिहिलेली असते. एक्स-शोरूमच्या वरचे आकडे पण वेगळे लिहून घ्या, कारण २०२५ पासून महाराष्ट्रात ७५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला किमतीच्या ७ टक्के एकरकमी टॅक्स लागतो, तो ऑन-रोडमधी धरलाय का हे विचारल्याशिवाय कळत नाही.

एकाच शोरूमला चिकटून राहू नका. जालन्याला दोन महिने सांगितले तर बीड, परभणी, लातूर, नांदेडला फोन लावा, अहिल्यानगर-सोलापूर पण लांब नाही. प्रत्येक डीलरचा कोटा वेगळा असतो, एकाकडं वेटिंग असतं तेव्हा दुसऱ्याकडं तोच व्हेरियंट कुणीतरी कॅन्सल केलेला उभा असतो. माझ्या मावसभावाने परभणीतून अशीच कॅन्सल झालेली गाडी आठ दिवसात उचलली आणि नंबर जालन्याचा एमएच २१ च घेतला. फक्त सर्व्हिसिंगला जवळचं वर्कशॉप ती गाडी नीट घेतं का तेवढं आधी बोलून ठेवा. उदगीर-देगलूरकडचे लोक तेलंगणा-कर्नाटकातून आणायचा विचार करतात, पण दुसऱ्या राज्यातली गाडी म्हणजे कागदपत्रं वाढतात, मी तरी त्या भानगडीत पडलो नसतो.

आता कर्जाचं, आणि हे नीट वाचा कारण सगळ्यात जास्त पैसे इथं जातात. कर्ज मंजूर करून ठेवणं आणि कर्ज उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजुरी लवकर घ्या, पण चेसिस नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतःचा नंबर, हातात येईपर्यंत बँकेला पैसे सोडू देऊ नका. मला मेच्या मध्यात फोन आला, "दादा गाडी निघाली, पेमेंट मारा, नाहीतर पुढच्याला जाईल." मी फायनान्सवाल्याला हो म्हणलं, पैसे डीलरच्या खात्यात गेले, आणि गाडी निघालेलीच नव्हती. साडेसतरा हजाराचे दोन हप्ते मी गाडीचं तोंड बघायच्या आधी भरले. तेव्हा "निघाली" म्हणलं की एकच वाक्य बोला, "चेसिस नंबर आणि इंजिन नंबर व्हॉट्सअ‍ॅप करा." खरंच निघाली असेल तर पाच मिनिटात येतो. मंजुरीच्या पत्रावर मुदत असते ती पण बघा, गाडी लांबली तर मुदत संपते आणि व्याजदर नव्याने लागू शकतो, संपायच्या आठ-दहा दिवस आधीच बँकेत जाऊन वाढवून घ्या. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यातून घेणाऱ्यांनी तर जास्त जपा, तिथं पात्रता प्रमाणपत्र आधी आणि कर्ज नंतर असा क्रम आहे आणि प्रमाणपत्राला पण मुदत आहे. घाईत क्रम चुकला तर परतावा अडकतो.

जुनी गाडी विकायची घाई करू नका. मी एप्रिलमधीच विकली होती, नवीन येतीय म्हणून, आणि मग भाड्याच्या गाडीने धंदा केला, भाडं वजा जाता हातात काही उरत नव्हतं. एक्स्चेंजला द्यायची असेल तर किंमत आज लिहून घ्या पण ताबा नवी गाडी मिळेल त्याच दिवशी द्या. तिचा इन्शुरन्स आणि फिटनेस मधेच संपत असेल तर करून टाका, थोडे पैसे जातील पण चाक थांबणार नाही.

मुहूर्ताचं पण बोलतो. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या चार दिवसांसाठी सगळा मराठवाडा रांगेत असतो. उलट पितृपक्षात आणि धोंड्याच्या महिन्यात कुणी गाडी उचलत नाही, तेव्हा आलेल्या गाड्या यार्डात थांबतात आणि वेटिंगवाल्याचा नंबर पटकन लागतो. माझी गाडी आली ती नेमकी २०२३ च्या अधिक श्रावणात. बाप म्हणला, "धोंड्यात लोखंड घरात आणायचं नाही." शोरूमवाला म्हणला, घेत नसाल तर मागच्याला देतो. मी बापाच्या पाया पडलो, गाडी आणली, चुलत्याच्या शेडमधी लावली, आणि निज श्रावण लागल्यावर नारळ फोडून पूजा केली तेव्हाच पहिला माल भरला. बापाचा पण मान राहिला आणि गाडी पण राहिली. ज्याच्या घरी चालत असेल त्याने हा काळ साधावाच.

गाडी आली म्हणून कळलं की इनव्हॉइस करायच्या आधी यार्डात जाऊन डोळ्याने बघा. चेसिस नंबर कागदावरचा आणि गाडीवर कोरलेला जुळवा. त्या १७ अक्षरांतलं दहावं अक्षर वर्षाचं असतं, २०२४ ला आर, २०२५ ला एस, २०२६ ला टी. मागच्या वर्षाची निघाली तर वेटिंग कसलं होतं ते विचारा आणि सूट मागा, कारण उद्या विकताना आरसीवरचं वर्षच बघतात. टायरवर चार आकडे असतात, २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा, पाचही टायर बघा, स्टेपनी विसरू नका. खाली वाकून पाटे बघा, हौद्याचे कडी-कोयंडे लावून बघा, डिझेल टाकीखाली ओल आहे का हात फिरवून बघा. जीएसटीचा दर बिल निघेल त्या दिवसाचा लागतो. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर मालगाडीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, बिल त्याच नंबरवर काढायला लावा. गाडीची किंमत १० लाखाच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, कापतात, ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरताना परत मागता येतात, आपल्याकडं निम्मे लोक सोडून देतात.

कागदात एक लक्षात ठेवा, मालासकट एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या गाडीला परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं, आणि हेवी ड्यूटीवाल्या बऱ्याच वर जातात. लायसनची चिंता नको, ७५०० किलोपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालवता येते, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मधी ते पक्कं केलंय.

आणि तारखेवर तारीख चालूच राहिली तर भांडत बसू नका, लिहायला लागा. आधी डीलरला ईमेल, कंपनीच्या कस्टमर केअरला त्याची कॉपी, बुकिंग नंबर टाकून, किती तारखेला काय सांगितलं होतं ते लिहून. माझ्या फोनला तीन महिने कुणी दाद दिली नाही, ईमेल गेल्यावर चौथ्या दिवशी एरिया मॅनेजरचा फोन आला. तरी हललं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, ती फुकट आहे. त्याच्या पुढं जिल्हा ग्राहक आयोग. तिथं समोरचा वकील म्हणतो की गाडी धंद्याची आहे म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्याची धरलेली नाही, स्वतः गाडी चालवणारा माणूस ग्राहकच धरला जातो. दोन वर्षाच्या आत जावं लागतं. म्हणून पावती, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप काही डिलीट करू नका, आणि शोरूमवाल्याने फोनवर तारीख सांगितली की लगेच त्यालाच मेसेज टाका, "आज तुम्ही अमुक तारीख सांगितली, बरोबर ना?" तो हो म्हणो नाहीतर गप्प बसो, तुमच्याकडं लिहिलेलं राहतं.