लॅक्टेट मशीन नसलेल्या वॉर्डातला सेप्सिस

भाताची रोवणी आटोपली की आमच्याकडे तापाचे पेशंट वाढतात. त्यातच एखादी बाई येते ती बरळत, धापा टाकत, हातपाय गार पडलेली. पूर्व विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात मी 11 वर्षं रात्रपाळ्या करतोय. हा सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव निकामी होऊ लागणं. त्याबद्दल नव्या मेडिकल ऑफिसरला सांगतो तेच इथे लिहितो.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. 22 किंवा जास्त श्वास, वरचं बीपी 100 किंवा कमी, बोलण्यात असंबद्धपणा, यातल्या दोन गोष्टी दिसल्या की हातातलं काम सोडा. सिस्टर सुई लावतायत तोवर ग्लुकोमीटरवर साखर बघा. रक्तातले जंतू तपासायची कल्चरची बाटली असेल तर भरा, नसेल तर अडून बसू नका; बीपी पडलेलं असताना अँटिबायोटिक तासाच्या आत गेलंच पाहिजे. आम्ही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 2 ग्रॅम देतो. टॉर्च घेऊन काखेत, जांघेत, स्तनाखाली काळी खपली शोधा. ती स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाची खूण. त्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन पुरत नाही, त्यामुळे खपली सापडो न सापडो, संशय असला तर डॉक्सिसायक्लिनही सुरू करा.

आता सलाईन. नोकरीच्या पहिल्या वर्षी हिमोग्लोबिन 5 असलेल्या एका बाईला मी नुसतं बीपी बघत रात्रीतून चार बाटल्या सोडल्या. पहाटे फुफ्फुसात पाणी भरून तिच्या तोंडाला फेस आला. ती वाचली नाही. पुढे 2017 मध्ये झांबियातल्या लुसाकाचा अभ्यास वाचला: भराभर सलाईन देण्याच्या प्रोटोकॉलमध्ये 48 टक्के पेशंट दगावले, नेहमीच्या उपचारात 33. तिथल्या बहुतेकांना एचआयव्ही होता, पण व्हेंटिलेटरची चणचण आपल्यासारखीच.

किलोमागे 30 मिली, म्हणजे 50 किलोला आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईनच्या) 500 मिलीच्या तीन बाटल्या, हा हिशेब माहीत असू द्या. पण बाटली एकेक करून लावा, साधारण अर्ध्या तासात एक, आणि प्रत्येकीनंतर पलंगापाशी जा. लॅक्टेट, म्हणजे अवयवांना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक, मोजायचं मशीन नाही, म्हणून बोटाचं टोक 10 सेकंद घट्ट दाबून सोडा, घड्याळ बघा. रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर रक्त अजून पोचत नाहीये. मग पाठीला स्टेथोस्कोप लावा. खाली चरचर ऐकू आली, श्वास वाढला किंवा ऑक्सिजन उतरला, तर पुढची बाटली लावू नका. लघवीची पिशवी दर तासाला बघा. 50 किलोला 25 मिली तरी हवी.

बीपी तरीही चढत नसेल तर सेंट्रल लाइनची वाट बघू नका. कोपराजवळच्या चांगल्या शिरेतून नॉरएड्रेनालिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध, सुरू करा. अँप्यूलवरचा बेसचा (क्षाराचा नव्हे, मूळ औषधाचा) आकडा वाचून 4 मिलिग्रॅम बेस 500 मिली डेक्स्ट्रोजमध्ये घाला. मायक्रोड्रिप सेटवर (60 थेंबांना 1 मिली) 38 थेंब मिनिटाला म्हणजे 50 किलोच्या पेशंटला किलोमागे मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅमचा डोस. लक्ष्य मीन (सरासरी) बीपी 65. सुईची जागा सतत तपासा. सूज किंवा पांढरेपणा दिसला तर लगेच दुसऱ्या शिरेतून द्या.

108 ला फोन लवकर करा. चिठ्ठीवर अँटिबायोटिकची वेळ, किती सलाईन गेलं, किती लघवी झाली, थेंबांचा वेग लिहा, आणि तीच माहिती जिल्हा रुग्णालयातल्या ड्युटी डॉक्टरला फोनवरही सांगा.