सीपॅपचा नवा फिल्टर घेताय? या चुका टाळा

घरी सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडणाऱ्यांना मास्कमधून दाबाने हवा देणारं) आलं की सुरुवातीला सगळं लक्ष मास्ककडे असतं. हवा कुठून गळते, नाकावर वळ उठतात का, पट्टा किती आवळायचा. मशीनमध्ये जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरची आठवण होते ती मशीनचा आवाज वाढल्यावर, नाहीतर कोणीतरी सहज झाकण उघडून "अहो, हे काय झालंय बघा" म्हटल्यावर. मग मोबाइलवर 'सीपॅप फिल्टर' शोधून समोर येईल ते पाकीट मागवायचं. गडबड बहुतेक वेळा इथेच होते.

कंपनीचं नाव बघितलं, मॉडेल नाही

रेस्मेड कंपनीचंच घ्या. एअरसेन्स १० आणि त्याआधीचं एस ९ यांना एकच फिल्टर बसतो, पण एअरसेन्स ११ चा आकार वेगळा आहे आणि प्रवासासाठीच्या छोट्या एअरमिनीचा आणखी वेगळा. म्हणजे "रेस्मेडचा द्या" एवढं सांगून भागत नाही. मॉडेलचं नाव मशीनवर लिहिलेलं असतं. ते शोधायला मशीन उलटसुलट करण्याआधी ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाचा, पाण्याचा डबा तेवढा काढून ठेवा. भरल्या डब्यासकट मशीन कलंडलं तर पाणी आत जातं आणि फिल्टरच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो.

स्थानिक बनावटीचा स्वस्त फिल्टर घेतला तर चालतो का? माप आणि जाडी जुळत असेल तर माझी हरकत नाही. मात्र बसवल्यावर दोन गोष्टी बघा. झाकण जोर न लावता 'टक्' करून बंद झालं पाहिजे आणि कडेला फट राहता कामा नये. फट राहिली की हवा तिथूनच आत जाते आणि फिल्टर नुसता शोभेला उरतो. बोटाने हलकं चोळल्यावर तंतू सुटत असतील तर अख्खं पाकीट परत करा. एसीच्या जाळीतून किंवा जुन्या मास्कच्या कापडातून तुकडा कापून बसवण्याचा उद्योग तर अजिबात नको.

धुऊन पुन्हा वापरला

आपल्याकडे काही फेकून द्यायचं म्हणजे जिवावर येतं, त्यामुळे ही चूक सगळ्यात जास्त. एअरसेन्सचा पांढरा फिल्टर धुवायचा नसतो. पाण्याने त्याची जाळी बिघडते. झटकून किंवा व्हॅक्यूम मारून वरची धूळ जाईल, आत रुतलेली जात नाही.

गोंधळ वाढतो कारण काही मशीनना धुता येणारा फिल्टरही असतो. फिलिप्सच्या ड्रीमस्टेशनमध्ये दोन असतात. गडद निळा, पराग आणि जाड धूळ अडवणारा, तो कायम लागतोच. तो दर दोन आठवड्यांनी धुवायचा आणि सहा महिन्यांनी बदलायचा. दुसरा फिकट निळा, बारीक कणांसाठी, तो ऐच्छिक. हा धुवायचा नाही, ३० रात्रींनी काढून टाकायचा, मळला तर त्याआधीच. नुसता फिकट निळा लावून मशीन चालवू नका.

धुतलेला फिल्टर ओला असताना लावणं ही पुढची चूक. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये तो सकाळी धुतला तर रात्रीपर्यंत वाळेलच असं नाही. धुता येणारे दोन आणून ठेवा. एक वाळेपर्यंत दुसरा मशीनमध्ये.

कॅलेंडर बघून बदलला, फिल्टर बघून नाही

इंटरनेटवर कोणी म्हणतं पंधरा दिवसांनी बदला, कोणी म्हणतं सहा महिन्यांनी. एअरसेन्स १० ची पुस्तिका सांगते, किमान दर सहा महिन्यांनी आणि भोक पडलं किंवा धुळीने भरला तर आधीच. मग पंधरा दिवस कुठून आले? अमेरिकेतल्या मेडिकेअर विम्यात डिस्पोजेबल फिल्टर महिन्याला दोनपर्यंत मंजूर होतात. ती बिलाची कमाल मर्यादा आहे. तिकडचे विक्रेते तिचाच आधार घेऊन वेळापत्रक छापतात आणि आपण ते पदरच्या पैशाने पाळायला जातो.

सहा महिने थांबायचं असंही नाही. एका घरी देवघर आणि पलंग एकाच खोलीत, मशीन पलंगाखाली फरशीवर. सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती, शेजारी इमारतीचं काम चालू. तिथला फिल्टर काढला तर मधोमध राखाडी गोल उमटलेला, कडेची झाकलेली पट्टी तेवढी पांढरी. महिनाही झाला नव्हता. मशीन छोट्या टेबलावर ठेवलं, पडद्यापासून आणि भिंतीपासून जरा लांब, तर फरक पडला. तेव्हा महिन्यातून एकदा प्लग काढून फिल्टर बाहेर घ्या आणि नव्याशेजारी धरून उजेडात बघा. दिवाळीनंतर आणि घराला रंग दिल्यावर तारीख न बघता तपासा.

'हेपा' (फार बारीक कण अडवणारा), 'अँटिबॅक्टेरियल' हे शब्द वाचून भुलले

ॲलर्जी असेल तर जास्त दाट जाळीचा हायपोअ‍ॅलर्जेनिक फिल्टर घेण्यात अर्थ आहे. पण आणखी चांगलं म्हणून साध्यावर तो, असे दोन एकात एक कोंबू नका. मशीनला हवा ओढायला अडथळा होतो. फिल्टर कण अडवतो, वास नाही. धुपाचा, डासांच्या कॉइलचा किंवा फोडणीचा वास आत येतो म्हणून महागडा फिल्टर घेऊन उपयोग नाही. कॉइल खोलीबाहेर ठेवा.

बॅक्टेरियल फिल्टर हे तर निराळंच प्रकरण. तो प्लॅस्टिकच्या गोल डबीसारखा असतो आणि मशीन व नळी यांच्या मध्ये बसतो, म्हणजे हवा बाहेर पडते त्या बाजूला. ह्युमिडिफायरच्या वाफेने तो ओलसर होऊन हवा अडवू शकतो. एअरसेन्स १० मध्ये तो लावल्यावर क्लिनिकल मेनूतली (डॉक्टर-तंत्रज्ञांसाठीचा मेनू) सेटिंगही बदलावी लागते. डॉक्टरांनी किंवा मशीन देणाऱ्यांनी सांगितल्याशिवाय तो लावू नका. आणि तो लावला म्हणून आतला नेहमीचा फिल्टर काढायचा नसतो.

दोष दुसऱ्याचा, बदलला फिल्टर

सकाळी घसा कोरडा पडतोय? आधी मास्कची गळती आणि उघडं तोंड बघा. नळीत पाणी साचतंय, तर गार खोलीत नळीतली वाफ थंड होऊन थेंब धरतात. ह्युमिडिफायर एक पायरी कमी करा. कुबट वास येतोय, तर पाण्याचा डबा आणि नळी नीट धुतली होती का ते आठवा.

जून २०२१ मध्ये फिलिप्सने बरीच मशीन परत बोलावली तेव्हा काहींना वाटलं, फिल्टर बदलला की झालं. दोष मशीनच्या आत आवाज कमी करण्यासाठी बसवलेल्या फोममध्ये होता. तो फोम हवेच्या वाटेत फिल्टरनंतर येतो, त्यामुळे त्याचे कण फिल्टर अडवू शकत नाही. जुनं ड्रीमस्टेशन कोणाकडून घेत असाल तर सिरीयल नंबर त्या यादीत आहे का ते कंपनीकडून आधी तपासून घ्या.

आवाज वाढलाय म्हणून फिल्टर न लावताच रात्र काढणारेही आहेत. तसं करू नका, झाकणसुद्धा उघडं ठेवू नका. फिल्टर आणि झाकण असेल तर शेजारचा पाण्याचा तांब्या कलंडला तरी मशीन थोडंफार वाचतं. नवा फिल्टर नीट बसलाय, झाकण लागलंय, नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे, मास्क गळत नाही आणि तरीही आवाज तसाच असेल, तर मशीन देणाऱ्याला बोलवा. तो येईपर्यंत प्रेशर स्वतः वरखाली करू नका आणि मशीन उघडूही नका.