दोघांनी मिळून बँकॉक ते पेनांग: रेल्वे-बोटीच्या भटकंतीचा बेत कसा आखावा

थायलंड म्हटलं की आपल्याकडे पॅकेजच डोळ्यांसमोर येतं: दोन रात्री बँकॉक, दोन रात्री पट्टाया, की परत विमानतळ. तोच देश एखाद्या मित्राबरोबर किंवा मैत्रिणीबरोबर, विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन, रेल्वेने आणि बोटीने हळूहळू दक्षिणेकडे उतरत पाहता येतो. बँकॉकहून निघायचं, थायलंडच्या आखातातल्या एका बेटावर राहायचं, अंदमान समुद्राच्या बाजूला क्राबीला जायचं आणि रेल्वेने सीमा ओलांडून मलेशियातल्या पेनांगला पोहोचायचं. अडीच आठवडे हाताशी असतील तर ही वाट निवांत होते. पहिल्यांदाच जाणाऱ्या दोघांसाठी मला हिच्याइतकी चांगली दुसरी वाट माहीत नाही. सगळं एका रेषेत आहे, मागे फिरावं लागत नाही आणि मधे एकही विमान नाही.

पायरी १: तिकिटाआधी समोरासमोर बसा

अशा सहलीत भांडणं होतात ती पैशावरून आणि वेगावरून. म्हणून विमानाचे दर बघायच्या आधी एक संध्याकाळ काढा. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर दोन आकडे लिहा: विमानभाडं सोडून एकूण किती खर्च झेपेल आणि एका रात्रीच्या खोलीला स्वतःच्या वाट्याचे जास्तीत जास्त किती देणार. मग कागद उघडा. आकड्यांत फरक असला तर जो कमी असेल तोच सहलीचा आकडा. ज्याच्याकडे जास्त आहेत त्याने ते स्वतःच्या हौसेवर खुशाल खर्च करावेत, पण खोली, बोट आणि जेवण कमी आकड्यातच बसलं पाहिजे.

पुढचे प्रश्न साधे वाटतात, पण तेच नंतर टोचतात. सकाळी कोण किती वाजता उठतं? दारू चालते का, आणि एकच जण पिणारा असेल तर त्या रात्री दुसऱ्याने काय करायचं? डॉर्ममध्ये, म्हणजे अनेक खाटांच्या सामाईक खोलीत, झोप लागते का? एक जण आजारी पडला तर दुसऱ्याने थांबायचं की ठरलेलं बघून यायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दोघांनी स्पष्ट शब्दांत देऊन ठेवा. अंगात ताप असताना ती चर्चा नको होते.

याच बैठकीत प्रत्येकाने 'हे झालंच पाहिजे' अशा दोनच गोष्टी सांगायच्या. चार गोष्टी पक्क्या झाल्या की बाकीचं तिथे गेल्यावर सुचतं.

पायरी २: महिना बघून किनारा निवडा

थायलंडच्या दक्षिणेला दोन समुद्र आहेत आणि दोन्हीकडचा पाऊस वेगळ्या वेळी येतो. क्राबी, फुकेत आणि फी फी ही अंदमान समुद्राची बाजू. आपल्या कोकणाला झोडपणारा नैऋत्य मोसमी पाऊस तिथेही येतो, साधारण मे ते ऑक्टोबर. को ताओ, को सामुई ही बेटं म्हणजे आखाताची बाजू. तिला ईशान्य मोसमी वारे भिजवतात, तामिळनाडूसारखेच. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर आणि सर्वांत वाईट महिना नोव्हेंबर.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर को ताओ वगळा आणि ते दिवस क्राबीला द्या. मे महिन्याच्या सुट्टीत उलट करा. दोन्ही किनारे हवे असतील तर फेब्रुवारी-मार्च उत्तम. १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान हा तिथला नववर्षाचा सण असतो. रस्तोरस्ती पाणी उडवतात, मजा येते. पण रेल्वेची तिकिटं मिळणं अवघड होतं.

पायरी ३: कागदपत्रं

पासपोर्टची मुदत प्रवेशाच्या दिवसापासून किमान सहा महिने हवी. भारतीयांसाठी थायलंडचे नियम सारखे बदलत आले आहेत: नोव्हेंबर २०२३ पासून ३० दिवस व्हिसामाफी, मग जुलै २०२४ पासून ६० दिवस. म्हणून तिकीट काढायच्याच आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा नियम बघा. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आहे आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली आहे.

दोन्ही देशांत शिरण्याआधी ऑनलाइन आगमन-पत्र भरावं लागतं, तेही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांतच. थायलंडचं पत्र मे २०२५ पासून सुरू झालं. दोन्ही पत्रं मोफत आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नाही एवढं समजा आणि बाहेर पडा. विमानतळावरच्या अधिकाऱ्यासाठी पहिल्या मुक्कामाचं बुकिंग, देशाबाहेर जाण्याचं तिकीट आणि पुरेसे पैसे असल्याचा पुरावा प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवा. रांगेत दोघं वेगवेगळ्या खिडक्यांवर जातात आणि कागद नेमके दुसऱ्याच्या पिशवीत राहतात.

बेटावर स्कूटर चालवायची असेल तर निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तुमच्या मूळ परवान्यावर दुचाकी असायला हवी. परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा बहुतेक वेळा हात वर करतो. विमा मात्र काढाच, आणि डायव्हिंग करणार असाल तर ते त्यात धरलंय का ते वाचून घ्या.

विमानाची दोन वेगळी तिकिटं काढा: जाताना मुंबई-बँकॉक, येताना क्वालालंपूर-मुंबई. पेनांगहून क्वालालंपूरला रेल्वेने जायचं.

पायरी ४: पिशवी आणि पैसा

स्वस्त विमान कंपन्यांत हातातलं सामान सात किलोच्या पुढे चालत नाही. चाळीस लिटरची पिशवी पुरे. चार-पाच कपडे, पंचा, पावसाळी जाकीट, सनस्क्रीन, बेल्टवाल्या चपला, छोटं कुलूप आणि एक शाल. शाल कशाला, ते रेल्वेत कळेल. थायलंडमध्ये आपले प्लग बहुतेक ठिकाणी बसतात. मलेशियात चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. ई-सिगारेट दोघांपैकी कुणाच्याही पिशवीत नको, थायलंडमध्ये तिला बंदी आहे.

टीटीएमएम ही कॉलेजच्या कॅन्टीनला शोभणारी पद्धत आहे. इथे पाण्याच्या बाटलीपासून बोटीपर्यंत दिवसाला वीस खर्च होतात, त्यांचे तुझे-माझे करत बसलात तर संध्याकाळ हिशेबात जाते. त्याऐवजी एक सामाईक पाकीट ठेवा. नव्या गावात शिरताना दोघांनी त्यात सारखी रक्कम टाकायची. खोली, टॅक्सी, बोट, पाणी, एकत्र जेवण त्यातून. बिअर, मसाज, खरेदी, डायव्हिंग ज्याचं त्याने. पाकीट रिकामं झालं की पुन्हा सारखी भर. ते एक दिवसाआड दुसऱ्याकडे द्यायचं, म्हणजे एकावरच खजिनदारीचा भार पडत नाही.

थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला दर वेळी २०० बाथपेक्षा जास्त शुल्क पडतं, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच मोठी रक्कम काढा. 'रुपयांत आकारू का?' असं मशीनने विचारलं तर नाही म्हणा. तो दर नेहमी महाग असतो. प्रत्येकाचं एक जादा कार्ड आणि थोडे डॉलर दुसऱ्याच्या पिशवीत ठेवा. एकाची पिशवी हरवली तरी दोघं अडकत नाहीत. भारतातलं सिमकार्डही चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही.

पायरी ५: बँकॉक, तीन रात्री

सुवर्णभूमी विमानतळावरून रेल लिंकने फया थाई स्थानकापर्यंत या, तिथून बीटीएस ही शहरातली उन्नत रेल्वे पकडता येते. टॅक्सीच्या रांगेपेक्षा हे सोपं आणि स्वस्त. दोघं असलात तर डॉर्ममधल्या दोन खाटांच्या पैशात बऱ्याचदा साधी खोली मिळते. बुकिंग करताना 'ट्विन' म्हणजे दोन वेगळ्या पलंगांची आहे ना, हे बघा.

शहरात फिरायला चाओ फ्राया नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट घ्या. राजवाडा, वाट फो हे देऊळ, नदीपलीकडचं वाट अरुण हे देऊळ, हे सगळं तिच्याच थांब्यांवर आहे. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर कुणी गोड बोलून 'आज राजवाडा बंद आहे, मी दुसरी देवळं दाखवतो' म्हणालं तर ऐकू नका, सरळ दरवाज्यापर्यंत चालत जा. असा माणूस ज्या टुकटुकमध्ये (तिथल्या रिक्षात) बसवतो, ती कापड आणि दागिन्यांच्या दुकानांत नेऊन उभी करते.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहिलेलं 'เจ' हे चिन्ह ओळखायला शिका, त्याचा उच्चार 'जे'. अशा ठिकाणी मांस, मासळी, अंडं काहीच नसतं, कांदा-लसूणही नाही. इतरत्र 'भाज्यांचं' म्हणून मागवलेल्या पदार्थातही फिश सॉस पडतो. 'माय साय नाम प्ला' म्हणजे फिश सॉस घालू नका. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या, साध्या भाताबरोबर एक वेळ निभावते.

पायरी ६: रात्रीची गाडी आणि को ताओ

दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जानेवारी २०२३ पासून जुन्या हुआ लाम्फोंगऐवजी क्रुंग थेप अफिवात या नव्या स्थानकावरून सुटतात. मेट्रोचं बांग सू स्थानक तिथेच आहे. सेकंड क्लास एसी स्लीपरचं तिकीट चुम्फोनपर्यंत काढा. खालचा बर्थ रुंद आणि थोडा महाग, वरचा अरुंद. दिवसा समोरासमोर बसायची आसनं असतात. रात्री कर्मचारी येतो, काही मिनिटांत आसनं ओढून पलंग करतो, धुतलेली चादर ताणतो, उशी ठेवतो आणि पडदा लावून पुढच्या बर्थकडे जातो. एसी मात्र रात्रभर इतका गार असतो की शालीची किंमत तेव्हा कळते. गाडीत दारूला बंदी आहे. चुम्फोन मध्यरात्रीनंतर येतं, म्हणून गजर दोघांनीही लावा.

चुम्फोनला बोटीच्या धक्क्यावर कोणत्या बेटाला जाणार ते विचारून तुमच्या शर्टावर रंगीत स्टिकर चिकटवतात. तो काढू नका, उतरताना त्यावरूनच हाक मारतात. वेगवान बोटीने को ताओ साधारण दोन तासांवर आहे. समुद्र लागत असेल तर गोळी बोट सुटायच्या आधी घ्या.

को ताओ हे डायव्हिंग शिकायचं बेट. ओपन वॉटर हा नवशिक्यांचा अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो आणि १८ मीटरपर्यंत उतरता येतं. आधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात. दमा असेल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोला. सलग डायव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. पुढचा प्रवास बोट आणि बसने असल्यामुळे आपल्या वाटेवर ही अडचणच येत नाही.

एकालाच डायव्हिंग करायचं असेल तर ते दिवस दुसऱ्याचे हक्काचे मोकळे दिवस. तानोटे खाडीत काठापासून पोहत गेलं तरी मासे दिसतात. शेजारच्या को नांग युआन बेटावरची टेकडी चढली की तीन बेटांना जोडणारा वाळूचा पट्टा खाली दिसतो. तिथे प्लास्टिकच्या बाटल्या नेता येत नाहीत. आठवड्यातून एक दिवस तरी असा वेगळा काढावाच, दोघांनाही तो लागतो. रात्री जेवायला भेटलं की सांगण्यासारखं दोघांकडे वेगळं काहीतरी असतं. भेटीची जागा आणि वेळ मात्र सकाळीच ठरवा, फोन बंद पडला तरी तिथे यायचंच.

बेटावरचे चढ फार तीव्र आहेत. दुचाकीचा हात बसलेला नसेल तर इथे शिकू नका. भाड्याने घेतलीच तर आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा आणि अनामत म्हणून रोख द्या, पासपोर्ट नाही.

पायरी ७: क्राबी आणि रायले

को ताओहून क्राबीला बोट-बसचं एकत्र तिकीट मिळतं. पूर्ण दिवस जातो, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

रायले हे क्राबीजवळचं किनाऱ्याचं ठिकाण मुख्य भूमीलाच जोडलेलं आहे, पण चुनखडीच्या कड्यांमुळे रस्ता नाही. आओ नांगच्या किनाऱ्यावर खिडकीतून तिकीट घ्यायचं आणि लांब शेपटीच्या लाकडी बोटीत पुरेसे लोक जमेपर्यंत थांबायचं. बोट धक्क्याला लागत नाही. चपला हातात, पिशवी खांद्यावर उंच, गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन शिडीने चढायचं. फोन आणि पासपोर्ट आधीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. ज्याला पोहता येत नाही त्याने आधी चढावं आणि दोन्ही पिशव्या वरून घ्याव्यात. रायलेतल्या फ्रा नांगच्या किनाऱ्यावर सकाळी लवकर जा. दहानंतर सहलींच्या बोटी येतात आणि तो किनारा मग आपला राहत नाही.

फी फी बेटांवरचा माया बे हा किनारा अतिगर्दीमुळे २०१८ मध्ये बंद करावा लागला होता. तो २०२२ मध्ये उघडला तो नियमांसह: पोहायचं नाही, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद. मला हे अगदी योग्य वाटतं. प्रवाळ पुन्हा वाढतंय, त्याला ती उसंत हवी.

किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर गुडघ्यापर्यंतही जाऊ नका. जेलीफिश चावला तर चोळायचं नाही, गोडं पाणीही ओतायचं नाही. व्हिनेगर ओता आणि दवाखाना गाठा.

पायरी ८: सीमा ओलांडून पेनांग

क्राबीहून व्हॅनने हात याय हे शहर, तिथून छोट्या गाडीने सीमेवरचं पादांग बेसार. थायलंडमधून बाहेर पडण्याचा आणि मलेशियात शिरण्याचा, दोन्ही शिक्के त्याच स्थानकात मिळतात. मलेशियाचं घड्याळ एक तास पुढे आहे, म्हणून पुढच्या गाडीची वेळ बघताना घोळ होऊ देऊ नका. तिथून लोकल गाडीने बटरवर्थ आणि स्थानकाजवळूनच फेरीने पेनांग बेटावरचं जॉर्ज टाउन शहर.

जॉर्ज टाउनचा जुना भाग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एकाच रस्त्यावर कापितान केलिंग मशीद, चिनी देवीचं मंदिर आणि सेंट जॉर्ज चर्च आहे, मारिअम्मन देऊळही जवळच. दोन आठवडे फिश सॉस चुकवत आलेल्या शाकाहारी मित्राला लिटल इंडियात न्या आणि केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम वाढून घ्या. त्या जेवणाचे पैसे सामाईक पाकिटातून.

बटरवर्थहून क्वालालंपूर ईटीएस या वेगवान विजेच्या गाडीने साधारण चार तास. विमानतळाला दोन टर्मिनल आहेत, तिकिटावर १ आहे की २ ते गाडीत बसण्याआधी बघा. उरलेले रिंगिट आदल्या रात्रीच मोजून निम्मे निम्मे वाटून घ्या, आणि एकमेकांच्या पिशवीत ठेवलेली कार्डंही तेव्हाच परत घ्या.