पोस्टडॉक किंवा रिसर्च असिस्टंटची जागा शोधताय? मग हे वाचा

जाहिरात आली की अप्लाय करू म्हणत बसलात तर बसूनच राहाल. पोस्टडॉकच्या (म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या रिसर्चच्या) बऱ्याच जागा प्रोफेसरला ग्रँट, म्हणजे रिसर्चसाठी पैसे, मिळाले की निघतात, त्यामुळे थीसिस सबमिट व्हायच्या सहा-आठ महिने आधीच शोधायला लागा. युरोपसाठी युराक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, शिवाय नेचर करिअर्स, सगळीकडे अलर्ट लावून टाका आणि युनिव्हर्सिटीचं स्वतःचं पोर्टलपण बघत जा कारण रिसर्च असिस्टंटच्या जागा कधीकधी तिथेच असतात, बाहेर येतच नाहीत. (त्यांना बहुतेक वेळा पीएचडी लागत नाही, मास्टर्स चालतं.)

खरी मेहनत प्रोफेसरला थेट पाठवायच्या ईमेलला. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हार्डवर्किंग" छाप मेल पन्नास जणांना पाठवला तर कोणी उघडतसुद्धा नाही. सब्जेक्टमध्येच विषय आणि कधी जॉइन होऊ शकता ते टाका, पहिल्या दोन ओळीत त्यांच्या अलीकडच्या पेपरमधली कुठली पद्धत तुमच्या कामाशी जुळते ते, मग तुम्हाला काय येतं ते, सोबत सीव्हीची पीडीएफ, बास. उत्तर नाही आलं तर दोनेक आठवड्यांनी एकदाच आठवण करून द्या.

स्वतःची फेलोशिप (म्हणजे तुमच्या नावावर मिळालेले रिसर्चचे पैसे) असेल तर प्रोफेसर लगेच ऐकतात. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपला मात्र नियम नीट बघा, डेडलाइनआधीच्या 36 महिन्यांत ज्या देशात जायचंय तिथे 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिला असाल तर साधारणपणे चालत नाही.

इंटरव्ह्यूत फंडिंग किती महिन्यांचं आहे ते बिनधास्त विचारा, आणि हो म्हणायच्या आधी लॅब सोडून गेलेल्या एखाद्याशी फोनवर बोला, मेलवर कोणी खरं लिहीत नाही.